जीवंती कोणती घ्यावी?

जीवंती या नावाने बाजारात दोन भिन्न द्रव्ये येतात. आयुर्वेदीय फार्माकोपियास मान्य असलेली जीवंती म्हणजे लेप्टाडेनिया रेटिक्युलाटा ही वेल. तिचे मूळ घ्यावयाचे. दुसरी, ‘स्वर्णजीवंती’, म्हणजे फ्लिकिंजेरिया प्रजातीचे ऑर्किड. ते सह्याद्रीच्या धुक्यातील सदाहरित वृक्षांवर वाढते. त्याचे धुळीसारखे सूक्ष्म बीज निसर्गात विशिष्ट बुरशीच्या साहाय्याविना रुजत नाही; म्हणून ओरबाडलेले ऑर्किड सहजी पुन्हा येत नाही. वेल मात्र शेतात लावता येते.

सह्याद्रीपासून दूर, नालवाडीत बसून आम्ही पाकिटावरील ‘जीवंती’ एवढ्याच शब्दावर विसंबत आलो, हा आमचाच दोष होय. औषधविक्रेत्यांनी पाकिटावर वनस्पतिशास्त्रीय नाव व प्रयोज्यांग यांचा आग्रह धरावा. वैद्यांनीही त्याविना जीवंती स्वीकारू नये, अशी आमची नम्र विनंती आहे.