त्यांच्या घरचा मामला

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी तसं यथातथाच. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, पण विषय मात्र मनावर घ्या.

आमच्या हॉस्टेलच्या मागच्या खोल्यांमधून कंपाउंडपलीकडची चाळ दिसते. गेल्या वर्षी सबमिशनच्या दिवसांत रात्री दहाच्या सुमाराला तिथून एका मुलाचं रडणं ऐकू यायचं. आधी बापाचा आरडाओरडा, मग पट्ट्याचा आवाज, मग रडणं. पहिल्या दिवशी आम्ही खिडकीशी धावलो. दुसऱ्या दिवशी खिडकी लावून घेतली. तिसऱ्या दिवशी मी कानात इअरफोन घातले आणि जर्नल पूर्ण केलं. ‘त्यांच्या घरचा मामला आहे, आपण काय करणार?’ असं रूमवर सगळ्यांत आधी मीच म्हटलं होतं.

शेवटी मेसच्या मावशींनी विचारलं, "एवढ्या शिकलेल्या पोरी तुम्ही, एक फोन लावता येत नाही?" मग १०९८ लावला. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झालेली ही हेल्पलाइन आता सरकार चालवतं. फुकट, चोवीस तास, आणि फोन करणाऱ्याचं नाव गुप्त.

मला वाटलं, आता पोलीस येणार आणि बापाला उचलणार! तसं झालं नाही. दोन ताई आल्या. मुलाशी, आईशी, बापाशी वेगवेगळं बोलल्या. बापाचं काम सुटलं होतं, दारू वाढली होती, हे मावशींकडून नंतर कळलं. मुलगा म्हणे एवढंच म्हणाला, "पप्पांना नेऊ नका, फक्त मारू नका म्हणून सांगा." ताई पुन्हा पुन्हा येत राहिल्या. रडणं एका दिवसात थांबलं नाही, पण हळूहळू थांबलं.

आपण इंजिनिअरिंगवाले, त्यामुळे थोडा डेटा. केंद्र सरकारच्या २००७ च्या अहवालात १३ राज्यांतल्या मुलांशी बोलून असं आढळलं, की दर तीन मुलांपैकी दोघांना मार बसतो. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आई-वडीलच असतात. मुलांशी क्रूर वागणाऱ्याला बाल न्याय कायद्यात (२०१५) तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा हवाच. पण बाप तुरुंगात जाईल या भीतीने मूल तोंडच उघडणार नसेल, तर नुसता कायदा काय कामाचा? तिथे समाजकार्यकर्ता आणि समुपदेशन लागतं. मुंबईत १९८४ पासून पोलिसांबरोबरच समाजकार्यकर्ते बसवणारा ‘विशेष कक्ष’ याच विचारातून निघाला.

कुणी म्हणेल, समुपदेशन म्हणजे नुसत्या गप्पा. नाही हो! धोका मोठा असेल तर बाल कल्याण समिती मुलाला सुरक्षित जागी हलवू शकते. गप्पांनी भागेल की मुलाला हलवावं लागेल, हे ठरवायला शिकलेली माणसं लागतात. म्हणूनच आपण हिरोगिरी करत चाळीत घुसायचं नाही. आपण गेल्यावर राग पुन्हा त्या मुलावरच निघतो.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर आणि मेसमध्ये १०९८ ठळक लिहा. एनएसएसने जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या लोकांना वर्षातून एकदा बोलवावं. आणि ‘आम्ही पट्ट्याचा मार खाऊनच इंजिनिअर झालो’ हा जोक आता पुरे. मार न खाताही झालो असतो.

मावशींना सुचलं ते मला तीन रात्री सुचलं नाही, याची लाज अजून वाटते. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिलं.