खाडीचा काळोख

मुलांनो, पनवेलजवळच्या रोडपालीस रात्री तळोजा खाडीच्या काठी उभे राहिलात, तर पैलतीरी खारघरचे दिवे, एका अंगास शीव-पनवेल महामार्गाचे दिवे, पाठीशी कळंबोलीचे दिवे, अशी जणू रोजचीच दिवाळी दिसेल. 1970 साली सिडकोची स्थापना झाली, त्यापूर्वी येथे भातशेते, मिठागरे आणि खाजणे होती; रात्री उजेड असे तो चंद्राचा व घरोघरच्या कंदिलांचा. दिवे आले हे उत्तमच झाले. त्या काळोख्या वाटा मला पुन्हा नकोत! परंतु वाटसरूसाठी लावलेला दिवा खाडीच्या पाण्यावर कशासाठी पडावा, एवढेच माझे विचारणे आहे.

खाडीतील खडकांस व तिवरांच्या मुळांस कालवे चिकटलेली असतात. कालवास डोळे नाहीत, तरी उजेड त्यास जाणवतो. आणि तो नकोसा झाला, तरी जागा सोडून जाता येत नाही. आपले दोन शिंपले किंचित उघडून ते पाणी आत घेते, त्यातून प्राणवायू व अन्न मिळवते आणि पुन्हा मिटते. ही उघडझाप मन मानेल तशी चालत नाही. आपल्या किनाऱ्यावरचे जाणते लोक तिथीच्या अंकाची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ सांगतात: चतुर्थीस सुमारे तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. कालवाजवळ पंचांग नसते. तरीही त्याची उघडझाप चांदण्याच्या वाढघटीशी जुळलेली असते, असे फ्रान्समधील आर्काशों येथील संशोधकांनी 2019 साली दाखवून दिले.

तेथीलच संशोधकांनी पुढे कालवांवर रात्री कृत्रिम प्रकाश सोडून पाहिला. त्याचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. एक मेणबत्ती एक मीटर अंतरावर जेवढा उजेड देते, तो सुमारे 1 लक्स. पौर्णिमेचे चांदणे त्याच्या पावपटीएवढेही क्वचितच भरते. कालवांची दैनंदिन लय तर अवघ्या 0.1 लक्स उजेडानेही बिघडली! त्यांच्या शरीरातील घड्याळ चालविणाऱ्या जनुकांच्या कार्यात दिवस आणि रात्र यांचा जो भेद असतो, तोही पुसट झाला. रस्त्यावरच्या दिव्याखाली दहा लक्स किंवा त्याहूनही अधिक प्रकाश असतो, हे ध्यानात घ्या.

कोणी म्हणेल, खाडीचा खरा वैरी उजेड नव्हे; कासाडी नदीतून येणारे कारखान्यांचे सांडपाणी आणि खाजणांवरील भराव हे होत. मला हे मान्य आहे. कासाडीचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, तो उगाच नव्हे. पण आधीच गांजलेल्या जिवाची रात्रही हिरावून घ्यावी काय? ओहोटीस कालवे काढून संसारास हातभार लावणाऱ्या बायकांचे त्यात किती नुकसान आहे! शिवाय नदी शुद्ध करण्यास वर्षे लागतात. दिव्यास टोपण घालून त्याचे तोंड खाली वळविण्यास एक दुपार पुरते. मध्यरात्रीनंतर, जेथे कोणी चालत नाही, तेथील दिवे मंद करता येतील. त्यात वीजही वाचेल.

येत्या अमावास्येस घरच्या वडीलधाऱ्यांसह खाडीकाठी जा. काठावरील दिव्याचा उजेड थेट पाण्यावर पडताना दिसला, तर त्या दिव्याची जागा टिपून पनवेल महानगरपालिकेस अर्ज लिहा. अर्ज कसा लिहावा, हे तुम्ही याच वर्षी शिकत आहात.