गिरणीचे घर होईल, पण कुणाचे?

आपल्या चाळींत ‘लॉफ्ट’ म्हणजे ट्रंका नि पिंपे चढवून ठेवण्याचा माळा. आता त्याच नावाने बंद कारखान्यांत उंच छताची प्रशस्त घरे थाटण्याची हौस सुखवस्तू वर्गात मान्यता पावली आहे. आम्ही तिला नावे ठेवणार नाही. साचेखात्याच्या करवती छपरातून उत्तरेचा शांत उजेड कापडावर पडावा, यंत्रांचा भार बिडाच्या खांबांनी पेलावा, अशी योजना ज्यांनी केली, त्यांचे बांधकाम पाडण्यापेक्षा राखणे केव्हाही शहाणपणाचे.

तथापि या प्रथेचा इतिहास ध्यानात घ्यावा. न्यूयॉर्कच्या सोहो भागातील ओस कारखान्यांत १९६०च्या दशकात गरीब चित्रकार व शिल्पकार बेकायदा राहू लागले. १९७१ साली कलावंतांपुरते ते वास्तव्य कायदेशीर ठरले. १९८२ च्या कायद्याने अशा इमारती निवासास सुरक्षित करण्याची जबाबदारी मालकांवर टाकली व पात्र रहिवाशांस संरक्षण दिले. पुढे भाडी चढली आणि नव्या कलावंतास तेथे थारा उरला नाही, हे खरे; पण आधी राहत्या माणसाचा विचार झाला, हेही तितकेच खरे.

मुंबईत काय झाले? त्याच १९८२ साली, १८ जानेवारीस, सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार संपावर गेले आणि पुढे गिरणगावाचा कणाच मोडला. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीतील एकेक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी व सार्वजनिक घरांसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. इमारत पाडून मोकळी होणारी जमीन तीतून सुटली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ही दुरुस्ती वैध ठरविली. धुराडी कोसळली, मनोरे उठले. ज्या आवारांत जुन्या वास्तू राहिल्या, तेथेही दक्षता राहिलीच असे नाही. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिल आवारातील आगीत चौदा जीव गेले.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. उरलेल्या वास्तूंचे रूपांतर अवश्य व्हावे. पण अग्निसुरक्षेची कसोटी आधी लागावी आणि मिळणाऱ्या लाभातला निश्चित वाटा कामगारांच्या घरांसाठी कायद्याने बांधून द्यावा. घरासाठी अर्ज केलेले बहुसंख्य कामगार व त्यांचे वारस अद्याप प्रतीक्षेतच आहेत. भिंती राखाव्यात आणि त्या भिंतींआड राबलेल्यांस विसरावे, याला वारसा म्हणत नाहीत.