जवानाच्या नावावर दुसऱ्याचे कर्ज

नालासोपाऱ्यातल्या आचोळे रस्त्यावर भाड्याने घर घ्यायचे तर आधार आणि पॅनच्या झेरॉक्स एजंटपासून सोसायटीपर्यंत किती हातांतून फिरतात, हे इथल्या प्रत्येक भाडेकरूला ठाऊक आहे. त्याच कागदांवर कोणी ॲपवरून कर्ज उचलले, तर घरी असलेला माणूस निदान बँकेत धाव घेतो. ज्या चौकीवर रेंजच नाही, तिथल्या जवानाने काय करायचे?

अमेरिकेने यासाठी कायदा केला. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून तिथल्या कार्यरत सैनिकांना पतनोंदीवरील देखरेख मोफत मिळते. आपल्याकडे चारही पतमाहिती कंपन्यांना वर्षातून एक पतअहवाल प्रत्येकाला फुकट द्यावा लागतो. अहवाल कोणी मागवला की ग्राहकाला एसएमएस किंवा ई-मेलने कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२३ चा आदेशही आहे. आदेश चांगलाच आहे, पण तो इशारा बंद फोनवर पडून राहतो.

सैनिकांना अशा देखरेखीसाठी सवलतीचे कूपन देऊन भागणार नाही. जवानाने नेमलेल्या पत्नीला किंवा आईवडिलांनाही तोच इशारा गेला पाहिजे. तो तैनात असेपर्यंत त्याच्या नावावर नवे कर्ज रोखून धरण्याची सोयही हवी, तीही एका अर्जावर आणि विनाशुल्क. रिझर्व्ह बँक आणि संरक्षण मंत्रालयाने एकत्र बसून हे ठरवावे. तोवर घरच्यांनी जवान सुट्टीवर आला की त्याच्यासोबत बसून अहवाल काढावा. अनोळखी कर्ज दिसले तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.