हवेला कसले पैसे?

घरचे कार्य निघाले की मंडपवाल्याशी घासाघीस होते, आचाऱ्याला विसार दिला जातो आणि बँडवाला तर आगाऊ रक्कम हातात पडल्याखेरीज जागचा हलत नाही. खर्चाच्या वहीत या सगळ्यांची नावे असतात. फुगेवाल्याच्या नावापुढची जागा मात्र पुष्कळदा कोरी राहते. "तो काय, आपलाच मुलगा आहे. देईल लावून. आणि हवेला कसले पैसे?"

गंगापूर तालुक्यातल्या लासूर स्टेशनसारख्या गावात हे वाक्य फार लवकर ऐकू येते. रेल्वेच्या आधाराने वाढलेली ही बाजारपेठ. कांद्याचे ट्रॅक्टर, कापसाच्या गाड्या, नवरात्रात दाक्षायणी देवीच्या देवळाकडे वाहणारी गर्दी. एकेकाळी इथे फुगा म्हणजे जत्रेतला, लेकराच्या हट्टासाठी घेतलेला. आता बारसे, डोहाळजेवण, हळद, दुकानाचे उद्घाटन, पुढाऱ्याचा वाढदिवस, सगळीकडे फुग्यांची कमान लागते. हाताशी एक विजेचा पंप, एक शिडी आणि थोडी कल्पकता असलेल्या मुलामुलींनी त्यातून धंदा उभा केला. भांडवल थोडे लागते, म्हणून मागणाऱ्यालाही वाटते, याचे जाते काय?

जाते ते असे. समजा, कमानीला तीनशे फुगे लागले. एक फुगा फुगवून, मापात आणून, गाठ मारायला अर्धा मिनिट धरला तरी नुसत्या गाठींचेच अडीच तास झाले. मग जोड्या, जोड्यांचे चौकडे, ते पट्टीवर ओवणे, शिडीवर चढून बांधणे. माल आणायला चाळीसेक किलोमीटरवरच्या शहरात जायचे, गुलमंडी-शहागंजकडे हिंडायचे. रबराचा फुगा उन्हात निस्तेज होतो आणि मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये पटापट फुटतो, म्हणून आदल्या रात्री काम उरकून ठेवावे तर तेही नाही. पहाटे उठूनच सगळे. बोटांची सालटी निघतात ती वेगळीच. गिऱ्हाइकाला दिसते ती हवा.

मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८२४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रबराच्या दोन चकत्या कडेने दाबून पहिला रबरी फुगा केला, तो हायड्रोजनवरच्या प्रयोगांसाठी. दुसऱ्याच वर्षी टॉमस हँकॉक या रबराच्या कारखानदाराने फुगे करण्याचे सामान विकायला काढले: बाटलीत पातळ रबर आणि सोबत एक पिचकारी, फुगा ज्याचा त्याने करून घ्यावा. माणूस पक्का व्यापारी. त्याने रबर विकले आणि मेहनत गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातली! आमच्याकडे नेमके उलटे घडते. रबराचे पैसे एक वेळ कुणी देऊ करतो, "सामानाचं काय ते घे" म्हणतो. मेहनत तेवढी नात्यात धरलेली असते.

आता नाते खोटे नसते, हेही म्हटले पाहिजे. फुकट फुगे मागणाऱ्या काकांनीच कधी रात्री आजारी आईला जीपमधून दवाखान्यात पोचवलेले असते. गावातली देवाणघेवाण वहीत मांडलेली नसते. शेतात नवे काही निघाले की शेजारी वाणवळा जातो, भाजीवाली हिशेब झाल्यावर वर चार मिरच्या टाकते. पण वाणवळा देणारा आपण होऊन देतो. काय द्यायचे, किती द्यायचे, हे तोच ठरवतो. मागून घेतलेल्याला वाणवळा म्हणत नाहीत. आणि ज्याला नाही म्हणण्याची सोयच नाही, त्याच्याकडून करून घेतलेल्या कामाला मराठीत वेगळा शब्द आहे: वेठ. निजामाच्या राजवटीत मराठवाड्याने ती पुरती भोगली. पुढे राज्यघटनेच्या २३व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली. फुग्यांसाठी एवढा जड शब्द वापरू नये हे कळते. तरी फुकट नेमके कुणाकडे मागितले जाते, ते एकदा पाहावे. सिमेंटच्या दुकानदाराकडे चार गोण्या कुणी मागत नाही. पेट्रोल पंपावर "आपलाच आहे" चालत नाही. मागणी जाते ती वयाने लहान, नव्याने धंद्यात पडलेल्या, बहुधा घरातूनच काम करणाऱ्या मुलीकडे. तिचे काम म्हणजे हौस, असे आपण परस्पर ठरवून टाकलेले असते.

मंडळांची तऱ्हा आणखी निराळी. ते म्हणतात, "बॅनरवर नाव टाकू, जाहिरात होईल." ज्या गावात सगळे एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखतात, तिथे जाहिरात कुणापुढे करायची? झालीच तर ती एवढीच होते, की इथे फुकट मिळते.

सवलतीलाही आकडा असावा लागतो. १९९५ साली युतीच्या सरकारने झुणका-भाकर दिली ती एक रुपयाला, २०२० साली शिवभोजन थाळी सुरू झाली ती दहा रुपयांना. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ पासून स्वस्तात जेवण दिले, त्याचे नावच 'कष्टाची भाकर'. सुरुवात करताना फुकट हा शब्द सरकारने आणि चळवळीनेही टाळला. फुगेवालीनेच तो का उचलावा?

माझे मत असे, की नकार तोंडावर सुचत नाही, तेव्हा तो आधीच ठरवून ठेवावा. वर्षातली दोन कामे आपल्या मनाने बिनपैशाची करावीत. एक जिल्हा परिषदेच्या शाळेचे, दुसरे ज्या घरात खरोखरच ओढ आहे त्या घरचे. बाकीच्यांना सरळ सांगावे, "यंदाची दोन्ही झाली." काकांना म्हणावे, "काका, फुगे माझ्याकडून आणि पंपही घेऊन जा. फुगवायला पोरांना बसवा." हँकॉकचीच युक्ती ही, आणि पोरांनाही त्यात गंमत येते. शंभराव्या गाठीनंतर किती पोरे उरतात, ते काकांनाच मोजू द्यावे.

शाळेला दिले तरी बिल करावे. तीनशे फुगे, पट्टी, जाण्यायेण्याचे भाडे, चार तासांची मजुरी, सगळी रक्कम पुरती लिहावी. खाली 'शाळेस भेट' लिहून ती वजा करावी आणि कागद मुख्याध्यापकांच्या हातात द्यावा.