गगनभरारी पुरे!

गेल्या 8 मार्चला आमच्या पिंपळे सौदागरात एका सोसायटीच्या सभागृहात महिला दिनाचा समारंभ झाला. शाळेच्या मुली स्वागतगीताला हव्या होत्या, म्हणून मुलींबरोबर मीही गेले. व्यासपीठामागे भला मोठा फलक. त्यावर ढग, ढगांत विमान, विमानाच्या शेपटाशी हसरी तरुणी आणि वर ठळक अक्षरांत ‘गगनभरारी’. हा शब्द मी एवढ्या वेळा वाचला आहे की, तो दिसला म्हणजे पुढचे भाषण मला न ऐकता पाठ येते. पाळण्याची दोरी येते, जगाचा उद्धार येतो, सावित्रीबाई येतात, आणि मग एकदम विमान येते. तसेच झाले. वक्त्यांनी देशातील महिला वैमानिकांची नावे घेतली, टाळ्या झाल्या. वक्ते म्हणाले, “कुणाला काही विचारायचंय का?”

नववीतली एक मुलगी उभी राहिली. ती तिसरीत असताना माझ्या वर्गात होती. वडील भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर काम करतात. तिने विचारले, “सर, विमान चालवायला शिकायला पैसे किती लागतात?”

सभागृहात हशा पिकला. हशा वाईट मनाचा नव्हता. लग्नाच्या पंगतीत लहान पोराने जिलबीचा भाव विचारावा आणि मोठ्यांनी हसावे, तसला होता. वक्तेही हसले आणि म्हणाले, “पैसे नाही बाळ, जिद्द लागते!” पुन्हा टाळ्या. मुलगी खाली बसली.

मी त्या वेळी काही बोलले नाही. बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. मलाही आकडा ठाऊक नव्हता. वीस वर्षे मुलांकडून ‘मी वैमानिक झाले तर’ हा निबंध लिहून घेणारी बाई मी! त्या निबंधांत ढग कापसासारखे असतात, खालची घरे काड्यापेटीसारखी असतात, आणि शेवटी आईने हाक मारल्यावर स्वप्न मोडते. लाल शाईने मी ‘छान’ असा शेरा देत आले. त्या ‘छान’ची आज मला लाज वाटते, आणि त्या लाजेपोटीच हा लेख लिहीत आहे.

माझा दुसरा गुन्हा याहून मोठा आहे, तोही सांगून टाकते. माझ्या एका कादंबरीची नायिका वैमानिक आहे. पहिल्या दोन प्रकरणांत मी तिला उडवली. तिसऱ्यात तिचे लग्न लावले, आणि पाचव्यात सासूबाईंच्या आजारपणासाठी तिला कायमची जमिनीवर उतरवली. वाचकांना ते फार आवडले. ‘त्यागमूर्ती’ असा शब्द एका परीक्षणात आला होता. तिने शिक्षणाचे पैसे कुठून आणले, याबद्दल मात्र एक ओळही मी लिहिलेली नव्हती, आणि एकाही वाचकाने ते विचारले नाही. जे या मुलीला सुचले ते माझ्या वाचकांना सुचले नाही, आणि मला तर नाहीच नाही.

त्या समारंभानंतर मी वाचू लागले. वाचता वाचता लक्षात आले की, महिला वैमानिकांच्या संघटना निघाल्या त्या टाळ्यांसाठी नव्हेतच. 2 नोव्हेंबर 1929 रोजी न्यूयॉर्कजवळच्या कर्टिस फील्ड या विमानतळावर काही बायका जमल्या. अमेरिकेत तेव्हा परवानाधारक महिला वैमानिक होत्या 117. सर्वांना पत्रे गेली होती. प्रत्यक्ष सभेला आल्या सव्वीस. संघटनेला नाव काय द्यावे यावर बराच खल झाला, आणि अखेर ठरले की, जितक्या जणी सभासद होतील तोच आकडा संघटनेचे नाव. आकडा भरला 99. म्हणून ‘नाइन्टी-नाइन्स’. अमेलिया इअरहार्ट ही तिची पहिली अध्यक्ष, 1931 मध्ये निवडलेली. मला या नावाचे फार कौतुक वाटते. त्यात गगन नाही, भरारी नाही, दुर्गा नाही, पंख नाहीत. आम्ही इतक्या आहोत, एवढेच ते सांगते. हेतूही तितकेच रोखठोक: एकमेकींना मदत करायची, नोकरी कुठे आहे ते कळवायचे, कुणी काय केले याची नोंद ठेवायची.

नोकरीचे कलम का घातले, तेही लवकरच दिसून आले. हेलन रिची या बाईंना 1934 च्या अखेरीस तिकडच्या सेंट्रल एअरलाइन्सने वैमानिक म्हणून घेतले. वृत्तपत्रांनी डोक्यावर घेतले. परंतु वैमानिकांच्या युनियनने त्यांना सभासद करून घेतले नाही. हवा खराब असेल तेव्हा बाईंना विमान देऊ नये असा वरून सल्ला आला. मोजकीच उड्डाणे वाट्याला आली, आणि 1935 मध्ये बाईंनी राजीनामा दिला. जिद्दीत त्यांची काय कसूर होती, ते आमच्या वक्त्यांनी मला सांगावे.

आपल्याकडची गोष्ट निराळी नाही. ‘पहिली भारतीय महिला वैमानिक’ म्हणून सरला ठकराल यांचे साडी नेसलेले चित्र दरवर्षी फिरते. 1936 साली, एकविसाव्या वर्षी, घरी चार वर्षांची मुलगी असताना, लाहोरला त्यांनी जिप्सी मॉथ विमान एकटीने उडवले. मोठीच गोष्ट. परंतु 1932 साली उर्मिला पारीख यांना परवाना मिळालेला होता. मग पहिली कोण? या वादात मला रस नाही. मला रस आहे तो पुढे काय झाले यात. सरलाबाईंचे पती स्वतः वैमानिक होते. 1939 मध्ये ते अपघातात गेले. व्यावसायिक परवान्यासाठी बाई शिकू लागल्या तोच महायुद्धाने नागरी प्रशिक्षण बंद पाडले. त्या चित्रकलेकडे वळल्या. फलकावर आपण त्यांचे पहिले उड्डाण लावतो. जे झाले नाही त्या उड्डाणांचा फलक कोणी रंगवत नाही.

प्रेम माथुर यांना 1947 मध्ये व्यावसायिक परवाना मिळाला. एकामागून एक कंपन्यांनी त्यांना नाही म्हटले. बाई विमान चालवते आहे हे कळले तर प्रवासी घाबरतील, असे कारण दिले गेल्याचे सांगतात. हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना सहवैमानिक म्हणून घेतले. 1949 ची राष्ट्रीय हवाई शर्यत त्यांनी जिंकली. आणि इंडियन एअरलाइन्समध्ये दुर्बा बॅनर्जी वैमानिक म्हणून दाखल झाल्या त्या 1966 मध्ये. परवाना मिळणे आणि काम मिळणे यांत किती अंतर असते, ते या सालांवरून मोजावे. पुढच्याच वर्षी, 1967 मध्ये, भारतीय महिला वैमानिकांची संघटना उभी राहिली, हा मला योगायोग वाटत नाही. एकटीला दार उघडले की दुसरीला ते बंद होऊ नये म्हणून पाय अडकवून ठेवणारे कोणीतरी लागते. मुलींना या व्यवसायाची माहिती देणे, शिष्यवृत्त्या मिळवून देणे, नवख्या मुलीला जुन्या बाईची ओळख करून देणे, ही सगळी कामे अशीच दारात पाय ठेवण्याची. त्यांना टाळ्या पडत नाहीत, कारण त्यांचे चित्र काढता येत नाही.

सौदामिनी देशमुख हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असावे, निदान असायला हवे. नोव्हेंबर 1985 मध्ये कलकत्ता ते सिल्चर हे फोकर विमान त्यांनी नेले. सोबत निवेदिता भसीन. वैमानिकांच्या दोन्ही आसनांवर बायका असलेले ते उड्डाण गाजले. पुढे 1 जानेवारी 1990 रोजी निवेदिताबाईंनी वयाच्या सव्विसाव्या वर्षी मुंबई–औरंगाबाद–उदयपूर मार्गावर बोइंगचे नेतृत्व केले. 2022 च्या सुमारास आकडे असे होते की, भारतातल्या वैमानिकांत बायका शंभरात बारांहून अधिक. अमेरिकेत साडेपाचांच्या आसपास, ब्रिटनमध्ये पाचांच्याही आत. हे आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा सर्वांनी पाठ थोपटून घेतली. योग्यच झाले. परंतु त्याची कारणे जाणकार सांगतात ती पाहा: एन.सी.सी.ची हवाई शाखा, बाळंतपणाची रजा, रात्री-अपरात्री घरी सुखरूप पोहोचवणारी गाडी, आणि नातवंड सांभाळणारी आजी. आजीचे नाव कुठल्या फलकावर आहे? आणि यात जिद्द कुठे आहे? ती आहेच, पण ती मिठासारखी. नुसते मीठ खाऊन कोणी जगत नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. व्यावसायिक परवान्याला वय अठरा पुरे लागते, कठोर वैद्यकीय तपासणी लागते आणि 200 तासांचे उड्डाण लागते. प्रत्येक तासाला इंधन, यंत्र, शिक्षक. सारा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो, आणि एखाद्या विशिष्ट जातीचे मोठे विमान चालवण्याचे शिक्षण त्याहून वेगळे. बारामतीला, म्हणजे आमच्यापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर, उड्डाणाची शाळा आहे. लोहगाव तर इतके जवळ की, आमच्या शाळेत कविता शिकवताना वरून विमान गेले की ओळ पुन्हा म्हणावी लागते. अंतर मैलांचे नाहीच. एवढ्या कर्जाला बँक तारण मागते, आणि लेथवरचा माणूस भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. पिंपळे सौदागरच्या ज्या जुन्या कुटुंबांची ज्वारीची रानं इमारतींखाली गेली, त्यांच्या मुलीला तारण आहे. ज्यांनी त्या इमारतींना यंत्रांचे भाग पुरवले, त्यांच्या मुलीला नाही.

दुसरी अडचण आम्हा शिक्षकांची आहे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावे, ही अट आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या मध्याला आली. (ती सैल करावी असा विचार 2025 मध्ये पुढे आला.) तोवर मॅट्रिक झालेल्याला व्यावसायिक वैमानिक होता येत असे. मी स्वतः मॅट्रिक. मी पास होईपर्यंत ते दार लागलेले होते, ही गंमत मला आत्ता या वयात कळली! अट चूक की बरोबर, हा वाद तज्ज्ञांनी करावा. माझे म्हणणे एवढेच की, दहावीनंतर मुलीने कुठली शाखा घ्यावी हे सांगताना आमच्यापैकी किती जणांना ही अट ठाऊक असते? “मुलीची जात, कॉमर्स बरं पडेल,” हे वाक्य शिक्षकखोलीत मी कितीदा ऐकले आहे, आणि एकदा माझ्याही तोंडून गेले आहे. त्या एका वाक्याने मुलीचे विमान धावपट्टीवर येण्यापूर्वीच रद्द होते, आणि तिला ते कळतही नाही.

कोणी म्हणेल, बाई, आपल्या भागात बायकांना बसला नीट जागा मिळत नाही, चाकणच्या पाळीवरून रात्री परतताना रिक्षा मिळत नाही, आणि तुम्ही विमानाच्या गोष्टी काय करता? हा आक्षेप मला मान्य नाही. 1974 च्या सुमारास टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नयेत असे छापले होते. बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून याबद्दल जाब विचारला, आणि कारखान्याचे दार उघडले. हे जे.आर.डी. म्हणजे 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतातला क्रमांक 1 चा वैमानिक परवाना मिळवणारे! आकाशाचे दार उघडणाऱ्या माणसाच्या कारखान्याचे दार बायकांना बंद होते, हे त्यांच्याही ध्यानात आले ते पोस्टकार्ड आल्यावर. पिंपरीचा यंत्रविभाग आणि विमानाचे नियंत्रणकक्ष या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. जो एका ठिकाणी ‘बाईला कशाला’ म्हणतो, तोच दुसऱ्या ठिकाणी म्हणतो. आणि त्या पोस्टकार्डात जिद्दीची स्तुती नव्हती; तुमची जाहिरात चूक आहे, एवढेच होते.

म्हणून समारंभवाल्यांना माझे सांगणे आहे. शाली नकोत, नारळ नकोत, तो फलकही नको. त्या दिवशीच्या सभागृहात मी मनाशी हिशेब केला: फलक, मंडप, शाली, अल्पोपहार, ध्वनिक्षेपक. त्या पैशांत मुलीची 200 तासांची फी भरली नसती, हे मला कळते. पण एका मुलीची वैद्यकीय तपासणी झाली असती, एन.सी.सी.ची माहिती देणारा माणूस आणता आला असता. आणि ज्या संघटनेच्या बायकांची नावे वक्त्यांनी घेतली, त्यांच्यापैकीच एकीला मानधन देऊन बोलावता आले असते. तिने त्या प्रश्नाला हसून उत्तर दिले नसते. ती त्यातून गेलेली असते. तिला एकेका तासाचा भाव पाठ असतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी दहावीच्या वर्गावर एक तास मागून घेतला. मी लहान मुलांची बाई, दहावीच्या मुली आधी चेष्टेने पाहत होत्या. फळ्यावर लिहिले: वय 18. भौतिकशास्त्र, गणित. वैद्यकीय तपासणी. 200 तास. त्याखाली खर्चाचा आकडा शून्यांसकट लिहिला. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून ती मुलगी म्हणाली, “बाई, एवढे?”

“एवढे,” मी म्हणाले.

तिने वहीत आकडा उतरवून घेतला, शून्ये पुन्हा एकदा मोजली, आणि विचारले, “शिष्यवृत्तीचा पत्ता द्याल?” पत्ता मी आणला होता.