‘टोळी’ नावाची सोयीस्कर सबब

आफ्रिकेतल्या राजकारणाविषयी मराठीत लिहिताना ‘टोळी’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की पुढच्या विवेचनाची गरजच उरत नाही. बेल्जियममध्ये फ्लेमिश आणि फ्रेंचभाषक भांडले तर तो ‘भाषिक प्रश्न’; केनियात लाखोंच्या संख्येचे किकुयू आणि लुओ भांडले की ते ‘टोळीयुद्ध’! दरोडेखोरांसाठीचा शब्द अख्ख्या समाजाला चिकटवला की निवाडा आधीच झालेला असतो.

जमातनिष्ठा आदिम असते, तीच पक्षांना गिळते आणि राष्ट्र फोडते, हा सिद्धान्त केनियाच्या इतिहासावर घासून पाहावा. १९६० साली स्थापन झालेल्या ‘कानू’ पक्षात किकुयू व लुओ नेते एकत्र होते. १९६६ मध्ये जारामोगी ओडिंगा बाहेर पडले ते जमीन आणि समाजवाद यांविषयीच्या मतभेदांमुळे. १९६९ मध्ये लुओ नेते टॉम म्बोया यांचा खून झाला, ओडिंगांच्या पक्षावर बंदी आली आणि धोरणाचा वाद जमातींचा वाद बनला. २००२ मध्ये मात्र ओडिंगांचे पुत्र रायला यांच्याच पाठिंब्याने किकुयू किबाकी निवडून आले. २००७ च्या निवडणुकीत हे दोघे परस्परांविरुद्ध लढले आणि त्यानंतरच्या हिंसाचारात हजाराहून अधिक माणसे मेली. त्यात किकुयू आणि कालेंजिन एकमेकांच्या जिवावर उठले होते. २०१३ मध्ये केन्याटा आणि रुटो या त्यांच्या नेत्यांनी हातमिळवणी केली आणि दोन्ही समाजांची मते एका पारड्यात पडली. आदिम निष्ठा अशी दर निवडणुकीला कूस बदलते काय? ‘कालेंजिन’ हे सामूहिक नावच मुळी १९४० च्या दशकात रूढ झाले.

जमाती काल्पनिक आहेत, असे माझे म्हणणे नाही. पण जमीन, नोकरी आणि रस्ता राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर मिळत असेल, तर मतदाराने ‘आपला माणूस’ शोधणे हा रानटीपणा नव्हे, हिशेब आहे. तो हिशेब बदलायचा तर सत्ता वाटावी लागते. राज्यकर्त्यांनी मात्र एकात्मतेच्या नावाखाली १९८२ मध्ये कायद्याने एकपक्षीय राजवट आणली.

न्गुगी वा थिओंगो शिकवणाऱ्यांनी तरी एवढे ध्यानात ठेवावे. ते किकुयू होते; किकुयू भाषेतल्या त्यांच्या नाटकानंतर, १९७७ च्या अखेरीस, त्यांना खटल्याविना तुरुंगात टाकणारे सरकारही किकुयू राष्ट्राध्यक्षाचेच होते. मग यांतली ‘टोळी’ कोणती?